नवा फोन कधी येणार? ओळखा पाहू!



आजची गोष्ट आमच्या वर्गातली आहे. ऑगस्ट २०२४ मधली. चौथीचा वर्ग, मधली सुट्टी, सगळ्यांचे डबे उघडलेले. पण कोपऱ्यातल्या एका बाकाभोवती हा घोळका! मी डोकावून पाहिलं. एक मुलगा कॅलेंडरच्या पानावर बोट ठेवून सांगत होता, "नवा आयफोन दहा सप्टेंबरला येणार. लिहून ठेवा!"

"कशावरून रे?" मी विचारलं.

"बाई, माझ्या काकाचं एस.टी. स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे ना! मागच्या वर्षी तो सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी आला होता. या वर्षी दुसरा मंगळवार दहा तारखेला आहे."

आता खरं सांगायचं तर त्या घोळक्यातल्या एकाच्याही घरी हा फोन नव्हता. माझ्याकडेही नव्हता. पण तारखांना काही पैसे पडत नाहीत! म्हणून मी म्हटलं, "लिहून ठेवा म्हणालास ना? मग लिहूनच ठेवू." एका कार्डावर त्याच्याच अक्षरात 'मंगळवार, १० सप्टेंबर' असं लिहून घेतलं आणि ते भिंतीवरच्या तक्त्यावर टाचलं.

गणपती आले. १० तारखेला घरोघरी गौरी यायच्या होत्या, त्यामुळे वर्गात हजेरी कमी. सकाळी एक मुलगी धावत आली. "बाई, आला! टीव्हीवर दाखवला! याचं बरोबर निघालं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी तर त्याला उचलायचाच बेत केला. तो मात्र गप्प. चेहरा पडलेला. मला वाटलं, लाजला असेल.

शाळा सुटली तरी तो दाराशी घुटमळत होता. जवळ बोलावलं तेव्हा म्हणाला, "बाई, तो आज नाही आला. काल रात्री साडेदहाला आला. नऊ तारखेला. आणि काकाने मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, निमंत्रण नऊचं आहे म्हणून. मी कुणाला बोललो नाही."

आता सांगा मुलांनो, तुम्ही असता तर काय केलं असतं? टाळ्या तर मिळून गेल्या होत्या. एका दिवसाचा तर फरक! बोललं नसतं तर कुणाला कळणार होतं?

मी त्याला रागावले नाही. एवढंच विचारलं, "मग त्या कार्डाचं काय करायचं?"

गौरी-गणपतीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरला, तेव्हा तो आपणहून उठला. जुन्या कार्डाखाली त्याने दुसरं कार्ड टाचलं. 'प्रत्यक्ष: सोमवार, ९ सप्टेंबर. एक दिवस चुकलं.' पहिलं कार्ड त्याने काढलं नाही, खोडलंही नाही. वर्गात थोडी कुजबुज झाली, एकदोघे हसले. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "पण चुकलं का?"

काय छान प्रश्न! त्या दिवशी गणिताचा तास आम्ही यातच घालवला. तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन बसा बरं.

फोन बनवणारी ॲपल ही कंपनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली. ती दरवर्षी एक कार्यक्रम करून नवे फोन जाहीर करते. २०१२ पासूनच्या तारखा अशा आहेत:

२०१२: १२ सप्टेंबर, बुधवार
२०१३: १० सप्टेंबर, मंगळवार
२०१४: ९ सप्टेंबर, मंगळवार
२०१५: ९ सप्टेंबर, बुधवार
२०१६: ७ सप्टेंबर, बुधवार
२०१७: १२ सप्टेंबर, मंगळवार
२०१८: १२ सप्टेंबर, बुधवार
२०१९: १० सप्टेंबर, मंगळवार
२०२०: १३ ऑक्टोबर, मंगळवार
२०२१: १४ सप्टेंबर, मंगळवार
२०२२: ७ सप्टेंबर, बुधवार
२०२३: १२ सप्टेंबर, मंगळवार
२०२४: ९ सप्टेंबर, सोमवार

२०२५ ची तारीख मी मुद्दाम झाकून ठेवली आहे. शेवटी उघडू या.

आता आमच्या मित्राचा नियम लावून पाहा: सप्टेंबरचा दुसरा मंगळवार. तेरा वर्षांपैकी सहा वर्षं नेमका बरोबर! चार वर्षं एका दिवसाने हुकला. दोन वर्षं सहा दिवसांनी हुकला आणि एक वर्षी तर चक्क महिन्याहून जास्त. म्हणजे नियम टाकाऊ नाही, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असाही नाही.

चुकलेली वर्षं जरा जवळून पाहू. खरी गंमत तिथेच असते, बरं का! २०१२ आणि २०१८ या दोन्ही वर्षी दुसरा मंगळवार होता ११ सप्टेंबरला. याच तारखेला २००१ मध्ये अमेरिकेवर मोठा दहशतवादी हल्ला झाला होता. सुमारे तीन हजार माणसं त्यात गेली. तिथे तो दुःखाचा दिवस. दोन्ही वर्षी कार्यक्रम झाला बुधवारी, १२ तारखेला.

आता २०१५, २०१६ आणि २०२२ हे तीन बुधवार. आपला कामगार दिन १ मे रोजी असतो. अमेरिकेत तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्या दिवशी सुट्टी असते. या तिन्ही वर्षी कार्यक्रम नेमका त्या सुट्टीच्या आठवड्यात होता. सोमवारी सुट्टी, मंगळवार मोकळा आणि बुधवारी कार्यक्रम. पाच बुधवारांची कोडी सुटल्यासारखी वाटतात की नाही?

"सुटल्यासारखी" म्हणते आहे हं मी! कंपनीने काही आपल्याला येऊन कारण सांगितलेलं नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या मंगळवारी, १० सप्टेंबरला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादचर्चा होती आणि फोन आला आदल्या दिवशी. वर्गात एक जण लगेच ओरडला, "म्हणूनच!" मी म्हटलं, थांब. दोन गोष्टी शेजारी-शेजारी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं लगेच म्हणायचं नसतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच.

आता मोठा प्रश्न. सप्टेंबरच का? यामागचं गणित मात्र आपल्या बाजारात पाहिलं तरी समजेल. दिवाळीचे आकाशकंदील दुकानात कधी लागतात? दिवाळीच्या आधी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' हा सण असतो, डिसेंबरात नाताळ. भेटी देण्या-घेण्याचे हेच दिवस. या कंपनीचं आर्थिक वर्षही सप्टेंबरअखेरीस संपतं. म्हणजे नवा फोन सप्टेंबरात आला की नव्या वर्षाची सुरुवात आणि सणांची खरेदी अशी दोन्ही साधतात. तारीख ओळखताना नुसते आकडे पाहू नयेत, आकड्यांमागची माणसं आणि त्यांची गरजही पाहावी.

नुसते आकडे पाहिले तर कसं फसायला होतं, त्याची एक गंमत सांगते. सुरुवातीच्या वर्षांत आयफोन जूनमध्ये जाहीर होत. २००८ मध्ये ९ जून, २००९ मध्ये ८ जून, २०१० मध्ये ७ जून. तिन्ही सोमवार! आता २०११ ची तारीख कोणती? ९, ८, ७... तुम्ही सगळे म्हणाल ६ जून. ६ जून २०११ हा सोमवारच होता आणि त्या दिवशी कंपनीचा कार्यक्रमही झाला. पण त्यात नवा फोनच नव्हता! तो जाहीर झाला ४ ऑक्टोबरला. तीन वेळा घडलं म्हणून चौथ्यांदा घडेलच, असं नसतं.

आणि २०२० चं काय? ते वर्ष तुम्हा सगळ्यांना आठवत नसेल, पण आई-बाबांना विचारा. करोनाची साथ, शाळा बंद, कारखान्यांची कामं खोळंबलेली. १५ सप्टेंबरला कार्यक्रम झाला, त्यात घड्याळं आली, टॅबलेट आले, फोन नाही. तो आला १३ ऑक्टोबरला. पण जे लोक लक्ष देऊन ऐकत होते ते फसले नाहीत. कारण ३० जुलैलाच कंपनीचे वित्तप्रमुख ल्यूका मेस्त्री यांनी सांगून टाकलं होतं, की या वर्षी फोन काही आठवडे उशिरा मिळतील. नवी माहिती हाती आली की आपला अंदाज बदलायला लाजायचं नाही. फक्त जुना अंदाज खोडायचा नाही, नवा त्याखाली लिहायचा. आमच्या मित्राला निमंत्रणाची बातमी कळली तेव्हा त्याने हेच करायला हवं होतं.

अरे हो, त्या निमंत्रणाचं सांगायचं राहिलंच! २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तिन्ही वर्षं कंपनीने कार्यक्रमाच्या बरोबर चौदा दिवस आधी निमंत्रणं पाठवली. २०२४ चं निमंत्रण २६ ऑगस्टला निघालं. निमंत्रण आलं की अंदाजाचा खेळ संपला. त्यानंतर तारीख सांगणारा म्हणजे पत्रिका वाचून लग्नाची तारीख सांगणारा!

इथवर आपण फोन जाहीर कधी होतो ते पाहिलं. पण जाहीर होणं वेगळं आणि दुकानात मिळणं वेगळं. सर्कस येणार अशी भिंतीवर जाहिरात लागली म्हणजे तंबू लागला असं नाही. पहिल्यावहिल्या आयफोनचंच पाहा. तो ९ जानेवारी २००७ ला जाहीर झाला आणि विक्रीला आला २९ जूनला. जवळजवळ सहा महिन्यांनी! का? अमेरिकेत नवा फोन विकण्याआधी सरकारी परवाना लागतो आणि त्या कागदपत्रांतून गुपित फुटलं असतं. म्हणून कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी तो आधी स्वतःच दाखवून टाकला. २०१० च्या फोनचा पांढरा रंग तर जूनमध्ये जाहीर झाला आणि मिळाला २८ एप्रिल २०११ ला. एक वस्तू याहून अवघड निघाली. तारेशिवाय चार्जिंग करणारी 'एअरपॉवर' नावाची चटई १२ सप्टेंबर २०१७ ला जाहीर झाली, २९ मार्च २०१९ ला रद्द झाली आणि दुकानात कधी आलीच नाही.

तरीही २०१२ पासून एक गोष्ट फार नियमित आहे. दरवर्षीचा पहिला नवा फोन अमेरिकेत विक्रीला आला तो शुक्रवारीच. तेरापैकी तेरा वर्षं! आणि त्यातली बारा वर्षं तो कार्यक्रमाच्या पुढच्याच आठवड्यातला शुक्रवार होता. अपवाद फक्त २०१५ चा. त्या वर्षी आणखी एक आठवडा जास्त लागला.

आणि आपल्याकडे? पूर्वी भारतात फोन बराच उशिरा यायचा. अमेरिकेत विक्री सुरू झाल्यावर किती दिवसांनी तो भारतात आला, ते वर्षावार मोजा: २०१२ ला ४२ दिवस, २०१३ ला ४२, २०१४ ला २८, २०१५ आणि २०१६ ला २१, मग २०१७ ते २०२० अशी चार वर्षं ७ दिवस आणि २०२१ ला ० दिवस, म्हणजे त्याच दिवशी! या आकड्यांत काही ओळखीचं दिसतं का? बरोबर, सगळे सातच्या पाढ्यातले. असं का? कारण तिकडे शुक्रवार आणि इकडेही शुक्रवार! आमच्या वर्गात हे सर्वांत आधी ओळखलं ते त्याच मुलीने, जी "आला! आला!" करत धावत आली होती.

आता थोडा विचार करू. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री आपल्याकडून खग्रास चंद्रग्रहण दिसलं. त्याची वेळ पंचांगात आधीपासून मिनिटासकट छापलेली होती. चंद्र काही आयत्या वेळी मन बदलत नाही! पावसाचं तसं नाही. २०२५ मध्ये हवामान खात्याने सांगितलं, मोसमी पाऊस केरळात २७ मे रोजी येईल, चार दिवस मागे-पुढे. आला २४ मे रोजी. तारीख हुकली, पण 'चार दिवस मागे-पुढे' हे शब्द खरे ठरले. आणि फोनची तारीख तर माणसं ठरवतात. माणसं सण पाहतात, सुट्ट्या पाहतात, आजारी पडतात, बेत बदलतात.

म्हणून चांगला अंदाज करणारा नुसती तारीख सांगत नाही, चूक किती होऊ शकेल तेही सांगतो. '७ ते १४ सप्टेंबरच्या दरम्यान' असं म्हटलं असतं तर आपल्या यादीतली तेरापैकी बारा वर्षं बरोबर आली असती. 'नेमकी दहा तारीख' म्हणणं ऐकायला भारी वाटतं, पण त्यात चुकण्याची शक्यता जास्त. आणि 'वर्षभरात कधीतरी येईल' म्हटलं तर कधीच चुकणार नाही, पण त्याचा कुणाला काय उपयोग?

बरं, आता झाकलेलं पान उघडू या. आमचा तो मित्र पाचवीला हायस्कूलमध्ये गेला. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला, निमंत्रण निघायच्या कितीतरी आधी, एका संध्याकाळी तो शाळेत आला. हातात वही. त्यात लिहिलं होतं, '९ सप्टेंबर, मंगळवार. एक दिवस मागे-पुढे. विक्री १९ सप्टेंबर, शुक्रवार.' मागच्या पानावर २०२४ ची चूक तशीच होती, ठळक अक्षरात.

फोन जाहीर झाला ९ सप्टेंबर २०२५ ला, मंगळवारी. विक्री सुरू झाली १९ सप्टेंबरला, शुक्रवारी. भारतातही त्याच दिवशी.

मला आनंद झालाच. पण खरं सांगू? त्या बरोबर आलेल्या पानापेक्षा मला ते मागचं पान जास्त आवडलं. बरोबर तारीख कधीकधी नशिबानेही जुळते. पण टाळ्या मिळालेल्या असताना "माझं एक दिवस चुकलं" असं भिंतीवर टाचायला मन घट्ट करावं लागतं. आणि ते चुकलेलं कार्ड तिथे राहिलं म्हणूनच आम्हाला "चुकलं का?" हे विचारता आलं.

करून पाहा

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: आजची तारीख, माझा अंदाज, किती मागे-पुढे, प्रत्यक्ष काय झालं. अंदाज कशाचाही करा. सकाळची एस.टी. किती वाजता येईल? परसातल्या जास्वंदीची कळी कोणत्या दिवशी उमलेल? चाचणी परीक्षेचं वेळापत्रक कधी लागेल? पुढच्या वर्षीचा नवा फोन कधी येईल? आधीच्या पाच-सहा वेळा काय झालं ते शोधा, कारण शोधा, मग लिहा. अट एकच: रबर वापरायचा नाही! दहा अंदाज झाले की किती बरोबर आले ते मोजा आणि मला पत्राने कळवा. चुकलेलेही कळवा. ते मी आधी वाचीन.

आई-बाबांसाठी दोन शब्द

या तारखांचा तुमच्या खिशाशीही संबंध आहे बरं का. नवा फोन जाहीर झाला की आधीच्या फोनची किंमत बहुधा उतरते. सप्टेंबर २०२४ मध्ये आदल्या वर्षीच्या आयफोनची भारतातली किंमत ७९,९०० रुपयांवरून ६९,९०० रुपयांवर आली. म्हणजे जो ऑगस्टअखेरीस घाईने घेणार होता, त्याने दोन-तीन आठवडे थांबून दहा हजार वाचवले असते. दहा हजार ही काही लहान रक्कम नाही. हा हिशेब मुलांबरोबर बसून करा, फोन घ्यायचा नसला तरी करा. मात्र जुना फोन बंदच पडला असेल आणि गरज खरी असेल, तर 'नवा येणार, थांबा' या नादात अडून राहू नका. नवा तर दरवर्षीच येणार आहे!

आणि एक विनंती. मुलाने "माझं चुकलं" असं आपणहून येऊन सांगितलं, तर पहिल्यांदा त्याचं पूर्ण ऐकून घ्या. रागवायचं असेल तर ते नंतरही करता येतं.

मग काय मुलांनो, लागा कामाला! पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई